आमच्याकडे इंजिन राहायला होतं

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. यांच्या छापखान्यात उरल्या होत्या, रद्दीत जाणार होत्या, मी एक मागून घेतली. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडते आणि खरा लिहिते. कोरी पानं वाया घालवणं माझ्याने होत नाही. घरखर्चाची वही वेगळी आहे, पण आज जे घरात आलं ते त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवावं ते कळेना, म्हणून ही उघडली.

तर आज घरी इंजिन आलं.

आमची लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजातली मुलं मिळून एक लहानशी शर्यतीची गाडी बनवतात आणि मे महिन्यात दुसऱ्या कॉलेजांच्या गाड्यांबरोबर ती मैदानात पळवतात. गाडीत मोटारसायकलचं इंजिन घालतात. त्या इंजिनाचं सगळं काम हिच्याकडे. कॉलेजात हिला 'इंजिनबाई' म्हणतात म्हणे. वर्कशॉपचं छत दुरुस्तीला काढलंय, तोवर भंगारवाल्याकडून आणलेलं हे धूड कुणाच्या तरी घरी ठेवायचं होतं. कुणाच्या, असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आमच्या बाईसाहेबांनी हात वर केला. मला विचारणं नाही, सांगणं नाही. जिन्यात चौघांची धाप ऐकू आली तेव्हा म्हणाली, "आई, शिलाई मशीन जरा खिडकीकडे सरकवलं तर?"

सरकवलं. आता इंजिन बाहेरच्या खोलीत जुन्या टायरवर बसलंय, खाली माझी विरलेली चादर. संध्याकाळी जपमाळ घेऊन बसले तर डोळे उघडले की समोर तेच. तेलाचा वास देवापर्यंत जातो.

हे म्हणाले, "पाहुणा तुझ्या पसंतीचा आहे. बोलत नाही, जेवायला मागत नाही."

९ जानेवारी, गुरुवार

लेकीने आज कॉम्प्युटरवर इंजिन दाखवलं. हुबेहूब. बोटाने फिरवलं की फिरतं, खालूनसुद्धा बघता येतं. खरं इंजिन खालून बघायचं तर चार माणसं बोलवावी लागतील.

"हे मॉडेल," ती म्हणाली. "गाडीचा सांगाडा आधी इथे काढायचा, त्यात हे बसतं का बघायचं, मगच खरे पाइप कापायचे."

"म्हणजे कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर कटिंग."

"अगदी तसंच, आई."

बरं वाटलं. मॅट्रिकनंतर मला कुणी 'अगदी तसंच' म्हटल्याचं आठवत नाही.

हे मॉडेल मात्र हिने काढलेलं नाही. त्यांच्याच कॉलेजातल्या एका जुन्या विद्यार्थ्याची फाईल आहे. ती या हातातून त्या हातात जात आता बऱ्याच कॉलेजांत पोचली आहे. प्रत्येकाचा प्रोग्राम निराळा, त्यामुळे ज्याला मिळते तो आपल्याकडे उघडेल अशा रूपात ती बदलून घेतो. असं बदललं की आकार तेवढा येतो. तो कसा काढला, कुठलं भोक कशावरून धरलं, मागाहून काय हलवलं, ते सगळं पुसलं जातं. "मॉडेल मुकं होतं," लेक म्हणाली.

मी विचारलं, पैसे किती पडले? म्हणाली, काहीच नाही. मग मुकं असलं म्हणून काय बिघडलं? फुकट मिळालंय ना.

१३ जानेवारी, सोमवार

शेजारच्या वहिनी आल्या होत्या. इंजिनाला वळसा घालून बसल्या आणि जाकिटाचं रडगाणं सुरू केलं. मागच्या थंडीत त्यांनी माझं बिनबाह्यांच्या जाकिटाचं कागदी कटिंग नेऊन उतरवून घेतलं होतं. आता म्हणतात उजव्या खांद्यावर झोळ येतो. "पुन्हा एकदा द्याल का? माझं उतरवण्यात काही चुकलं असेल."

चुकलंच असणार. माझा उजवा खांदा लहानपणापासून बोटभर उतरता आहे, तरी माझं जाकीट माझ्या अंगावर असं बसतं की दुकानातली बाई विचारते, कुठे शिवलं? त्यांचे तर दोन्ही खांदे सरळ. सरळ खांद्यावर बसत नसेल तर दोष कात्रीचा, कटिंगचा नव्हे. कागद फाटतो, सारखा देता येत नाही, असं सांगितलं. तोंड लहान करून गेल्या.

लेक दिवसभर इंजिनापाशी पालथी पडून मापं घेते. व्हर्निअर नावाची एक चिमट्यासारखी पट्टी आहे, केसाएवढं अंतरही मोजते. मी म्हटलं, फाईल मिळालीय तर मोजायचं कशाला? "सवय," म्हणाली. ही सवय माझी. भाजीवाल्याने तोलून दिलं तरी मी घरी पुन्हा तोलते.

एक चांगली बातमी आणि एक भीतीची, दोन्ही एकच: मैदानावरच्या एका शर्यतीत गाडी आमची लेक चालवणार आहे. तिचे हातमोजे आलेत, कुणीतरी वापरलेले. उजव्याचा अंगठा उसवला होता. हिरवा दोरा रिळावर उरलेला होता तो लावून शिवून दिला. काळ्या मोज्यावर हिरवा टाका लांबूनही दिसतो, पण मजबूत आहे. रोज दोन माळा जास्त जपते आहे.

२० जानेवारी, सोमवार

लेकीचं जेवणात लक्ष नाही. इंजिन सांगाड्याला जिथे बोल्टने पकडतात ती भोकं आहेत, त्यातलं मागचं खालचं भोक फाईलमध्ये एका जागी आणि इंजिनावर दुसऱ्या जागी. फरक चार मिलिमीटर.

चार मिलिमीटर! माझ्या शिलाईच्या निम्म्यातही बसतील.

"आई, लोखंडाला शिलाई नसते. भोकासमोर भोक आलं नाही तर बोल्ट जाणार नाही. इंजिन बसणार नाही."

मी पुष्कळ विचार करून सांगितलं की कटिंग काढणाऱ्याने कडेने शिलाईची जागा धरली असेल. लेक हसली. किती दिवसांनी हसली. माझं चुकलेलं का होईना, कामी आलं.

२२ जानेवारी, बुधवार

कप्तान येऊन गेला. म्हणजे त्यांच्या संघाचा म्होरक्या, उंच पोरगा, दारातून वाकून आत येतो. चप्पल नीट काढतो, मला काकू म्हणतो, पण बोलणं तिखट.

"यंदा एवढी कॉलेजं हीच फाईल वापरतायत. सगळे चुकले आणि तू एकटी बरोबर?"

"मी कुठे म्हणते मी बरोबर? इंजिन म्हणतंय. हा घे व्हर्निअर, तू मोज."

त्याने मोजलं. तेवढंच आलं. मग म्हणाला, "अपघातातल्या गाडीचं इंजिन आहे हे. ठोकर बसून वाकलं असेल. हे वाकडं इंजिन धरून सांगाडा केला आणि उद्या दुसरं इंजिन घालायची वेळ आली तर?"

"आणि फाईल धरून केला आणि हेच बसलं नाही तर?"

दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना उभे, मध्ये मी चहाचा ट्रे घेऊन. शेवटी ठरलं असं: कॉलेजचे वेल्डरकाका एक तारखेला पाइप कापणार, मग सांगाडा बदलता यायचा नाही. तोवर लेकीने सिद्ध करून दाखवायचं. नाही जमलं तर फाईलप्रमाणे पाइप कापायचे आणि इंजिनाचं काम दुसऱ्याकडे द्यायचं.

"दोन वर्षं केलंय मी हे काम," लेक म्हणाली.

"म्हणूनच एक तारखेपर्यंत थांबतोय," कप्तान म्हणाला आणि चहा न पिता गेला. त्याचा कप मी प्यायले, टाकणार कुठे.

२३ जानेवारी, गुरुवार

देवाकडे आज सरळ मागणं मागितलं. माझ्या लेकीचं माप चुकलेलं निघू दे. तिने 'चुकले' म्हणावं, कप्तानाने 'असू दे' म्हणावं, भांडण मिटावं. सगळ्या जगाशी एकट्या मुलीने वाकडं घ्यायचं म्हणजे काय खायची गोष्ट आहे?

लेकीने प्लायवूडची फळी आणली, फाईलमधून भोकांच्या जागा छापून तिच्यावर चिकटवल्या आणि वेल्डरकाकांकडून भोकं पाडून आणली. फळी इंजिनाला लावून एकेक बोल्ट घातला. तीन गेले. चौथा घातला तर भोकाच्या कडेला अडून राहिला. तिने मला बोलावलं, "तू घालून बघ." मीही घातला. नाही गेला. वरून हलका ठोकावा म्हटलं तर ओरडली.

पण याने फक्त जुळत नाही एवढं कळलं. वाकडं कोण, इंजिन की फाईल, ते तसंच राहिलं.

२६ जानेवारी, रविवार

दुसरं असंच इंजिन बघायला हवं. गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे आम्ही दोघी गेलो. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईकाची गाडी उघडून माप देऊ? मला धंदा करायचाय." बरोबर बोलला.

मग लेकीने पलीकडच्या कॉलेजच्या संघातल्या एकाला फोन लावला. हे त्यांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी, मागच्या वर्षी यांच्या पुढे आलेले. त्यांचंही इंजिन हेच. मी खुणेने विचारत होते, शत्रूला सांगतेस? तिने हाताने गप्प केलं. फोनवर म्हणाली, "तुझं इंजिन कोरं आहे. मागचं खालचं भोक मोजून दे. माझा आकडा मी आधी सांगणार नाही. जे काय निघेल ते मी सगळ्यांना कळवीन, तुझ्यापासून लपवणार नाही."

शब्द देऊन बसली.

२८ जानेवारी, मंगळवार

तो पलीकडचा स्वतःच आला. दाढीवाला, हसरा, हातात आपल्या मापांचा कागद. लेकीने आपला कागद शेजारी ठेवला. दोन्ही आकडे सारखे! आमचं इंजिन सरळ आहे. भंगारातलं असलं तरी सरळ आहे!

लेक इंजिनावर हात ठेवून उभी राहिली. मीच मोठ्याने देवाचं नाव घेतलं. मागितलं होतं ते त्याने दिलं नाही, फार बरं केलं.

दाढीवाल्याने मग आमचंही इंजिन मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि म्हणाला उद्या येऊन आणखी एकदा खात्री करतो. स्वतःचं कोरं इंजिन घरी असताना आमचं सारखं मोजायची याला काय हौस ते मला कळलं नाही. चहा दोन कप प्यायला.

३० जानेवारी, गुरुवार

उलगडा झाला. ज्याने ते मॉडेल पहिल्यांदा काढलं त्या जुन्या विद्यार्थ्याला लेकीने पत्ता काढून विचारलं होतं. तो आता कुठेतरी नोकरीला आहे. त्याचं उत्तर लेकीने मला वाचून दाखवलं. त्या वर्षी त्यांच्या इंजिनाचा मागचा कान, म्हणजे ज्यात ते बोल्टचं भोक असतं तो तुकडा, तुटला होता. वेल्डरने नवा कान जोडला तो चार मिलिमीटर खाली बसला. मग त्याने फाईलमधलं भोकही तेवढं खाली घेतलं, आपल्या गाडीपुरतं. त्याच्या मूळ फाईलीत तो बदल अजून दिसतो. पण कुणीतरी ती फाईल दुसऱ्या रूपात बदलून पुढे दिली, तिथे तो बदल पुसला गेला आणि आकार तेवढा राहिला. 'ती एवढी फिरते आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही मोजलंत, आभारी आहे,' असं लिहिलंय.

म्हणजे खोटं कुणीच केलेलं नाही. स्वतःच्या सोयीने फिरवलेली वस्तू पुढे देताना सांगितलं मात्र नाही. अशी माणसं असतात.

कप्तानाने फोनवर मान्य केलं. पाइप लेकीच्या मापाने कापणार. हे ऐकून यांनी छापखान्यातून येताना लेकीसाठी कोरा जाड कागद आणला. यांची शाबासकी अशीच असते.

२ फेब्रुवारी, रविवार

काल पाइप कापले. आज वेगळंच वादळ.

लेकीने सगळं इंजिन नव्याने मोजून मॉडेल नव्याने काढलंय आणि कुठल्याही प्रोग्रामात उघडेल अशा रूपात केलंय. ते सगळ्या कॉलेजांना पाठवणार म्हणते. फुकट. कप्तानाचं म्हणणं, शर्यत झाल्यावर पाठव. आत्ता जे जुन्या फाईलीवर सांगाडा करतायत ते अडकतील, अडकू देत, आपण पुढे जाऊ. आपण काही कुणाला फसवलेलं नाही.

मीही कप्तानाच्या बाजूने बोलले. म्हटलं, महिनाभर पालथी पडून काढलंस, माझी चादर तेलात गेली, आणि वाटून टाकणार? निदान मे संपेपर्यंत थांब.

ती म्हणाली, "आई, जुनी फाईल मला फुकट मिळाली तेव्हा तू काहीच बोलली नव्हतीस."

ताट वाढलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ती गॅलरीत फोनवर होती. कप्तानच असणार. बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "ठीक आहे. घे काढून. पण मी आजच पाठवणार." आत आली, कॉम्प्युटरपाशी बसली आणि पाठवलं. सगळ्यांना.

दुपारी मुलं येऊन इंजिन घेऊन गेली. वर्कशॉपचं छत झालंय. 'घे काढून' म्हणाली ते हेच असावं. इंजिन गेल्याचं एवढं वाईट वाटून घ्यायचं काय? पण लेक डोळे पुसत होती हे खरं. मलाही ती जागा रिकामी रिकामी वाटते. मशीन पुन्हा तिथे ओढलं, तरी टायरचा गोल डाग फरशीवर राहिलाच.

संध्याकाळी तिने हातमोजे धुऊन वाळत घातले. म्हटलं, अजून घातलेही नाहीस, धुतेस कशाला? "कपाटात राहून वास येतो," म्हणाली. नीटनेटकी आहे.

पाठवलेल्या फाईलीबरोबर तिने एक पान जोडलंय. यांनी आणलेल्या त्याच कागदावर आधी हाताने लिहून बघितलं होतं, ते मी वाचलं. कुठल्या इंजिनाचं माप आहे, कशाने मोजलं, कुणी ताडून बघितलं. तिथे दाढीवाल्याचं नाव आणि त्या जुन्या विद्यार्थ्याचंही. खाली लिहिलंय: 'आतले भाग मोजलेले नाहीत, ते अंदाजाने काढले आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. तुम्ही काही बदललंत तर इथे लिहा आणि मगच पुढे द्या.'

एवढा सरळ कागद मी माझ्या आयुष्यात क्वचितच वाचलाय. घडी घालून पोथीत ठेवला.

१९ मार्च, बुधवार

सांगाडा तयार झाला. लेक घरी आली ती नाचतच. इंजिन आत सोडलं आणि चारही बोल्ट हाताने गेले. हातोडी नाही, काही नाही. वेल्डरकाका म्हणाले म्हणे, "पोरी, माझ्या लग्नात अंगठीसुद्धा एवढी नीट बसली नव्हती."

१० मे, शनिवार

मैदानावर जाऊन आलो. ऊन रणरणतं. यांनी टोपी घातली, मी डबा नेला. तिथलं काही विकत घेण्यासारखं नाही.

आमची गाडी आली. हेल्मेटमुळे तोंड दिसत नव्हतं, पण स्टिअरिंगवरच्या हातमोज्यावर माझा हिरवा टाका दिसला. मी कठड्यावर चढून ओरडले, "सांभाळून गं!" गाडी सूं करून गेली. डोळे मिटून जप करत होते तो बाजूने आवाज आला, "आई, उतर खाली, पडशील."

लेक माझ्या शेजारी उभी!

"तू इथे? मग ती कोण?"

"आमच्यातलीच आहे. छान चालवते ती."

"आणि मोजे?"

"दिले तिला."

मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. देवाने इतक्या माळांची दखल घेतली. आपली हौस दुसरीला देऊन टाकली, दिलदार आहे. या बाबतीत माझ्यावर गेली. एवढं मात्र कळलं नाही, की गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत का राहिली. हे तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

नंतर कप्तान आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, राग नाही ना?"

"कसला राग? उन्हाची सवय आहे मला."

तो गोरामोरा झाला. लेकीला म्हणाला, "पुढच्या वर्षी तू." ती म्हणाली, "बघू." मी पाणी दिलं त्याला. पोरगा दमला होता.

शर्यतीत कोण कितवं आलं ते मला नीट समजलं नाही. दाढीवाल्यांची गाडी आमच्या पुढे होती, आमची मध्यात कुठेतरी. पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली. कुठल्याशा लांबच्या कॉलेजची एक बुटकी मुलगी, हात कोपरापर्यंत काळे, तंबू-तंबूतून विचारत आली, "इंजिनचं मॉडेल पाठवणारी कोण?" आम्ही लेकीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "आमचे पाइप दुसऱ्या दिवशी कापणार होते. तुझं पान वाचलं आणि थांबलो. ये, बघ."

आम्ही सगळे गेलो. त्यांची गाडी निळी. मुलीने मागचं झाकण काढलं. आत तेच इंजिन, आमच्या बाहेरच्या खोलीतलं असल्यासारखं, चारही बोल्ट जागेवर. लेकीने वाकून मागच्या खालच्या बोल्टवर बोट ठेवलं. मग पुढच्या तंबूतल्यांनी बोलावलं, मग त्यांच्या पुढच्यांनी. जिथे जाऊ तिथे झाकण उघडत होते. हे प्रत्येक ठिकाणी टोपी काढून सांगत होते, "मी वडील." मी नुसती मागे चालत होते. कुणी विचारलं तर सांगत होते, "आमच्याकडेच राहायला होतं ते इंजिन."

परतताना बसमध्ये लेक माझ्या खांद्यावर झोपली. उजव्या, उतरत्या. तिचं डोकं सारखं घसरत होतं, मी सारखी वर सरकवत होते.

१२ मे, सोमवार

सकाळी जप झाल्यावर कपाटातून जाकिटाचं कटिंग काढलं. कोरा जाड कागद उरला होता त्यावर उतरवलं. पेन्सिल घेऊन कडेने लिहिलं: 'शिलाईची जागा धरलेली नाही. कडेपासून दोन बोटं सोडा.' मग बराच वेळ कागदावरच्या उजव्या खांद्याकडे बघत बसले. शेवटी तिथेही लिहिलं आणि पलीकडे नेऊन दिलं.

वहिनींनी दारातच उभ्याने वाचलं. मग माझ्या खांद्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे, आणि खोखो हसत सुटल्या. मीही हसले. आत बोलावून चहा दिला.

लिहिलं होतं: 'हा खांदा बोटभर उतरता आहे. तो माझा आहे. तुमचा तुम्ही मोजून घ्या.'